एका विमानाची एकच नोंद

२८ ऑगस्ट २०२३. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या फ्लाइट प्लॅनमध्ये, म्हणजे उड्डाणाआधी सादर केलेल्या मार्गाच्या नोंदीत, ‘डीव्हीएल’ नावाचे दोन बिंदू होते: एक अमेरिकेतल्या डेव्हिल्स लेकचा, दुसरा फ्रान्समधल्या दोव्हिलचा. ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या संगणकाला हा गुंता सुटेना. मुख्य यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेने तोच फ्लाइट प्लॅन वाचला आणि तीही थांबली. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले.

दोष त्या सॉफ्टवेअरचा होता, हे खरंच. पण फ्लाइट प्लॅनचा साचाही टेलिप्रिंटरच्या जमान्यातला आहे: एका ओळीत ६९ अक्षरं, संदेशात १,८०० अक्षरं, त्याहून जास्त नाही. ‘एन०४८०एफ३५०’ म्हणजे वेग ४८० नॉट, उंची ३५,००० फूट. इतक्या काटकसरीत या साच्याने अनेक दशकं जगभरची वाहतूक सांभाळली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मात्र विमान नेमकं कुठे, किती वाजता, किती उंचीवर असेल, हे त्यात पुरेसं मावत नाही. विमान कंपनीने वजन, वारा धरून काटेकोर हिशेब केलेला असतो. तो मागेच राहतो आणि वाटेतलं प्रत्येक नियंत्रण केंद्र आपापला अंदाज बांधत बसतं.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेची हवाई वाहतूक यंत्रणा एफएए, युरोपची युरोकंट्रोल आणि इतर देशांच्या यंत्रणांनी मिळून ‘फिक्सम’ हा माहितीचा सामायिक आराखडा घडवला. यात प्रत्येक उड्डाणाला जगात एकमेव असा ओळखक्रमांक मिळतो. मार्गातल्या बिंदूंना अक्षांश-रेखांश, उंची आणि वेळ जोडता येते. उड्डाणापूर्वी कंपनी आपला प्लॅन चाचणीसाठी पाठवू शकते आणि ‘इथे अडचण आहे’ असं उत्तर आलं, तर तो वेळीच बदलू शकते. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण आजवरचा व्यवहार बव्हंशी एकतर्फी होता.

खरी कसोटी संक्रमणाच्या काळाची आहे. जुना साचा २०३४ पर्यंत निवृत्त करण्याचं उद्दिष्ट आहे. तोवर दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालणार. उदाहरणार्थ, मुंबईचं हवाई क्षेत्र अरबी समुद्रावर मस्कत, मोगादिशू, माले यांच्या क्षेत्रांना भिडतं. त्यातलं एक केंद्र जरी जुन्यावर राहिलं, तरी त्याच्यासाठी नव्यातली माहिती छाटून जुन्या साच्यात बसवावी लागते, आणि छाटलेलं पुढच्या केंद्राला आपोआप परत मिळत नाही. म्हणून श्रीमंत देशांनी स्वतःपुरती यंत्रणा बदलून भागणार नाही. लहान देशांच्या केंद्रांना पैसा आणि प्रशिक्षण आत्ताच पुरवायला हवं.