तंजावरच्या राजस्त्रिया : आश्रय, छत्र आणि दावा

तंजावरच्या भोसले घराण्यातील स्त्रियांचा शोध घेताना वंशावळीपेक्षा दानधर्माच्या व दाव्यांच्या नोंदी अधिक बोलक्या ठरतात. एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा ‘भोजनकुतूहल’कार रघुनाथ गणेश नवहस्त यांना आश्रय होता. सुजानबाईंच्या हाती १७३०च्या दशकात काही काळ राज्यकारभार आला. दुसऱ्या सरफोजीराजांची विवाहबाह्य सहचारिणी मुक्तांबा हिचे नाव ओरत्तनाडूच्या छत्राने टिकवले.

मध्ययुगीन पोलंडच्या पियास्त घराण्यातही सायलीशियाची यादविगा त्शेबनित्सा येथील जोगिणींच्या मठामुळे स्मरणात राहिली. भेद असा, की १२३८मध्ये पती वारल्यावर त्याच मठात तिला आसरा मिळाला. छत्र मात्र वाटसरूंसाठी होते. १८५५मध्ये शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा जिंकला. १८५९मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती ‘राज्यकृत्य’ ठरवून तो निकाल फिरवला.

आश्रयदात्रीची स्तुती इतर लिहितात. दाव्यातील मागणी तिची स्वतःची असते. म्हणून राजस्त्रीच्या वाङ्मयीन प्रतिमेचा विचार करताना काव्याच्या शेजारी दाव्याचा कागदही ठेवावा लागतो.