डॉक्टर व्हायचंय, मग आधी ॲम्ब्युलन्सवर नोकरी कशाला? अमेरिकेतलं 'गॅप इयर' समजून घ्या

न्यू जर्सीतल्या चुलत भावाची मुलगी पदवीधर झाली. डॉक्टर व्हायचंय म्हणते, पण सध्या ॲम्ब्युलन्सवर नोकरी करते. इकडच्या नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला: 'नंबर लागला नाही का? वर्ष वाया गेलं?' बहुतेक वेळा तसं नसतं. मात्र चुकीची नोकरी निवडली, तर वर्ष खरंच वाया जाऊ शकतं.

तिथे प्रवेश कसा मिळतो?

आपल्याकडे बारावीनंतर 'नीट'च्या गुणांवर एमबीबीएसचा प्रवेश ठरतो. अमेरिकेत आधी साधारण चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं एमडी. त्यासाठी एमकॅट परीक्षा द्यावी लागते. पण गुणांसोबत संशोधन, समाजकार्य आणि रुग्णांसोबत घालवलेला वेळही पाहिला जातो. एमडीच्या बहुतेक कॉलेजांसाठी एकच सामायिक अर्ज असतो. त्यात जास्तीत जास्त १५ अनुभव नोंदवता येतात आणि त्यातल्या तीन अनुभवांवर सविस्तर लिहायचं असतं.

मधलं वर्ष येतं कुठून?

अर्ज मे-जूनमध्ये भरला जातो आणि वर्ग भरतात पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. त्यामुळे पदवीनंतर अर्ज केला की एक वर्ष आपोआप मोकळं मिळतं. आज एमडीला प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण असा गॅप घेऊन आलेले असतात.

कोणत्या नोकऱ्या असतात?

▪ स्क्राइब: डॉक्टर रुग्ण तपासत असताना नोंदी संगणकात टिपायच्या. डॉक्टर विचार कसा करतात, ते जवळून कळतं. पण हे काम आता अनेक ठिकाणी एआय करू लागलंय.

▪ ईएमटी: ॲम्ब्युलन्सवरचं काम. साधारण १५० ते २०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा.

▪ सीएनए: रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. केंद्रीय नियमानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. काही राज्यांत जास्त.

▪ संशोधन सहायक: प्रयोगशाळेत किंवा औषधांच्या चाचण्यांवर काम. इथे बरेचदा दोन वर्षं थांबण्याची अपेक्षा असते.

मग निवड कशी करायची?

'सगळ्यात भारी नोकरी कोणती' हा प्रश्नच चुकीचा. माझ्या अर्जात काय कमी आहे, हे आधी पाहायचं. प्रयोगशाळेत तीन वर्षं घालवलेल्या मुलीने पुन्हा प्रयोगशाळाच निवडली, तर अर्जात नवं काहीच येत नाही. तिने सीएनए व्हावं. ज्याने कॉलेजमध्ये असतानाच रुग्णसेवा केली, त्याला संशोधन जास्त उपयोगी.

खरी मेख तारखेत

जूनमध्ये अर्ज भरला आणि जुलैमध्ये नोकरी धरली, तर त्या अनुभवावर अर्जात लिहिणार काय? पुढे किती तास काम करणार, हे नोंदवता येतं, पण सांगण्यासारखं हाती काही नसतं. म्हणून ज्यांच्याकडे रुग्णांसोबतचा अनुभवच नाही, त्यांना दोन वर्षांचा गॅप सोयीचा पडतो. मुलाखतींसाठी सुट्टी मिळेल का, हेही नोकरी धरण्याआधीच विचारून घ्यावं.

पैशांचं काय?

यातल्या बऱ्याच नोकऱ्यांचा पगार बेताचा असतो. शिवाय प्रत्येक कॉलेजच्या अर्जाचं शुल्क वेगळं. एक दिलासा असा, की पालकांच्या आरोग्य विम्यात वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत राहता येतं. त्यामुळे अनेक जण घरी राहून नोकरी करतात.

भारतातून गेलेल्यांसाठी

इथे नियम कडक आहेत. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर सहसा १२ महिनेच काम करता येतं आणि तेही आपल्या विषयाशी संबंधित हवं. विज्ञान शाखेच्या ठरावीक पदव्यांना आणखी २४ महिने मिळू शकतात. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी एमडी कॉलेजंही मोजकीच. त्यामुळे नोकरी शोधण्याआधी कॉलेजांची यादी करावी.

पुढच्या वेळी पुतणीचा व्हिडीओ कॉल आला, तर 'नंबर लागला का' असं विचारू नका. 'ड्युटी कशी चाललीये?' असं विचारा. रात्रपाळी आणि रोजचं दुखणं-खुपणं जवळून पाहून हे काम आपल्याला जमेल का, तेच तर ती या वर्षात तपासून पाहतेय.