जुन्या जीपच्या ब्रेकचा माग

जुन्या जीपच्या चासीला लागून एक पोलादी नळी पुढून मागे जाते. बाहेरून जेमतेम 4.75 मिलिमीटर जाडीची, भिंत सुमारे 0.7 मिलिमीटरची. चिखलाने माखलेली असल्यामुळे ती सहसा नजरेत येत नाही. पण पॅडलवरच्या पायाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारं दुसरं काहीही त्या गाडीत नसतं. घाट उतरणारी वडापची जीप, आत दाटीवाटीने बसलेली माणसं, टपावर सामान, आणि या सगळ्याचा भरवसा त्या नळीवर.

जोर किती, तेही पाहू. पॅडलची दांडी पायाचा दाब साधारण सहापट करते. 50 किलोचा दाब दिला, तर एक इंची मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर 300 किलो येतात आणि ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साठ किलोच्या आसपास दाब तयार होतो. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा सुमारे तीसपट. गंजाने पातळ झालेली नळी संथ चालीत टिकते आणि नेमकी तेव्हाच फुटते, जेव्हा समोर काहीतरी आडवं येऊन चालकाने जीव खाऊन ब्रेक दाबलेला असतो.

द्रवाच्या दाबाने चालणारा ब्रेक अमेरिकेत माल्कम लॉकहीडने विकसित केला आणि 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत तो चारही चाकांना बसला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तोच होता. 1947 मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिच्यासोबत ही रचनाही आपल्याकडे आली. उंच बॉनेटची सीजे 3बी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर पुढे कित्येक वर्षं धावली. जंगल खात्यात, पाटबंधाऱ्यांच्या कामांवर, बागायतदारांच्या वाडीत. या जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली चासीलाच बसवलेला असतो. ऑइलची पातळी बघायची तर फ्लोअरवरचं झाकण उघडावं लागतं. म्हणून ती बघितली जात नाही. शिवाय चारही चाकांचं सर्किट एकच. नंतरच्या गाड्यांत दोन वेगळी सर्किट आली, त्यामुळे एका नळीला गळती लागली तरी दोन चाकं तरी धरतात. इथे कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

गळती पहिल्यांदा पायाला कळते. पॅडल मऊ लागतं, दाबून धरलं तर हळूहळू खाली बसत जातं, दोनतीनदा पंप मारल्यावर पुन्हा वर येतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असले की लायनर झिजल्याने ऑइलची पातळी फारशी उतरत नाही. तेव्हा पातळी उतरली, तर ऑइल कुठूनतरी बाहेर चाललंय हे नक्की. पातळी जागच्या जागी आणि पॅडल मात्र बसतंय, असं असेल तर आधी मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरांकडे बघावं; नळ्यांच्या मागे लागू नये. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी गाडीखालची निम्मी मेहनत वाचते.

मग ओल शोधायची. जुन्या जीपखाली ओल कशाची नसते? इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल, पाणी. चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर तो व्हील सिलिंडरचा असेल किंवा एक्सलच्या सीलमधून आलेल्या गिअर ऑइलचा. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ, बोटांना निसरडं, आणि जिथे सांडेल तिथला रंग सोलून काढणारं. तरीही शंका राहिली तर थेंबभर ओल वाटीभर पाण्यात टाकून ढवळावी. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिनचं किंवा गिअरचं तेल वर तरंगतं.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते, असं मानलं की चुकलंच. ऑइल नळीच्या अंगावरून ओघळत पुढच्या क्लिपपर्यंत किंवा पुढच्या वाकापर्यंत जातं आणि तिथून टपकतं. एक्सलवर पडलेला थेंब कधीकधी हातभर पुढे, चासीवर फुटलेल्या नळीचा असतो. जाणते फिटर म्हणूनच आधी सगळी नळी पुसून कोरडी करतात. मग एकाला पॅडल दाबून धरायला सांगून, डोळ्यांना चष्मा लावून, बॅटरीच्या उजेडात पुढून मागे बघत जातात. कोरड्या नळीवर ओलीची पहिली रेघ जिथे उमटते, ती जागा खरी. धीर लागतो तो इथेच. घाईने पॅडल धपाधप मारलं की ऑइल सगळीकडे उडतं आणि माग पुसला जातो.

संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत. क्लिपच्या मागे, कारण तिथे चिखल धरून राहतो आणि चिखलात ओल. चासीच्या वरच्या पट्टीवर, जिथे हात पोचत नाही. मागच्या एक्सलवर, कमानीच्या पाट्यांजवळ, जिथे नळी सतत घासते. मागे चासीवरून एक्सलवर उतरणारा रबरी होज पाइप. तो वाकवून बघितला तर जुनेपणाच्या चिरा दिसतात. किनाऱ्यालगत मिठाची हवा यात भर घालते. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या आणि देशावरच्या दोन सारख्या वयाच्या जीप शेजारी उभ्या केल्या, तर खालून ओळखू येतात.

गॅरेजमध्ये जिला बंडी पाइप म्हणतात ती नळी पोलादाच्या तांबं चढवलेल्या पट्टीपासून बनते. सुरळीची वडी गुंडाळावी तशी पट्टी दोन वेढे गुंडाळून भट्टीत तांब्याने सांधतात. आतून ती बरीच सुरक्षित असते. गंज बहुतेक बाहेरून चढतो, आणि तो एकाच ठिकाणी चढत नाही. एका क्लिपमागे छिद्र पडलं असेल, तर उरलेल्या क्लिपांमागेही तोच पाऊस आणि तोच चिखल साचलेला असतो. म्हणून फुटलेला वीतभर तुकडा कापून मध्ये जोड देण्याला माझा ठाम विरोध आहे. ज्या सांध्यापासून ज्या सांध्यापर्यंत ती नळी जाते तेवढी सबंध बदलावी. त्याहून मोठा विरोध मऊ तांब्याच्या नळीला. फ्रीज-एसीच्या कामातली ही नळी हाताने वाकते, गंजत नाही, म्हणून कामचलाऊ दुरुस्तीत ती ब्रेकला बसवली जाते. पण जीपच्या हादऱ्यांनी तांबं कडक होत जातं आणि सांध्याजवळ तडकतं. गंज न लागणारी नळी हवीच असेल, तर सुमारे 90 टक्के तांबं आणि 10 टक्के निकेल या मिश्रधातूची घ्यावी. व्होल्वोने ती 1970 च्या दशकातच स्वीकारली. ती पोलादी नळीपेक्षा महाग पडते, पण किनाऱ्यावरच्या गाडीसाठी तो खर्च मला योग्य वाटतो.

जुना नट सोडवणं हे या कामातलं सगळ्यात चिकट प्रकरण. आदल्या रात्री गंज सैल करणारं रस्टोलीन मारून ठेवावं. साध्या दोन तोंडी पान्याने नटाच्या कडा गोल होतात. त्यासाठी रिंग पान्यालाच नळी आत जाण्यापुरती खाच दिलेला वेगळा पाना मिळतो, तो नटाला जवळजवळ चारही बाजूंनी धरतो. नट फिरतोय आणि त्याच्यासोबत नळीही पिळवटतेय असं दिसलं, तर नळी कापून टाकावी आणि नटावर थेट बॉक्स पाना चढवावा. जुन्या नळीला नाहीतरी जायचंच आहे.

नव्या नळीचं माप तारेने घेतात. जुनीच्या वाकांप्रमाणे तार वळवायची आणि मग सरळ करून मोजायची. नट आधी ओवायचा, फ्लेअर नंतर काढायचा. बंडी पाइपला दुहेरी फ्लेअरच हवा: टोक आधी आत दुमडायचं, मग 45 अंशांत पसरवायचं. एकेरी फ्लेअर पहिल्या दिवशी ठीक दिसतो, पण त्याची कड पातळ असते आणि दाबाखाली चिरते. जुन्या जीपचे आटे इंची, नंतरच्या सुट्या भागांचे मिलिमीटरचे. दोन-तीन आटे हाताने सहज बसत नसतील तर पाना लावूच नये.

ऑइलबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. डॉट 3 ऑइल कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल ओढून घेतं आणि सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 140 अंशांच्या आसपास येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना ड्रम तापतात, पाणी धरलेलं ऑइल चाकापाशी उकळतं, नळीत वाफ होते आणि पॅडल रिकामं जातं. गळती एकही नसताना. म्हणून नळी बदलल्यावर जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद बाटलीतलंच भरावं. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नये. आणि अडल्या वेळीही इंजिन ऑइल ओतू नये. त्याने ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात आणि एका नळीच्या जागी मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर खोलावे लागतात.

नळी बदलताना आत शिरलेली हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा, आणि मास्टर सिलिंडर मध्येच रिकामा पडू द्यायचा नाही. मग इंजिन बंद ठेवून मिनिटभर पॅडल पूर्ण जोराने धरायचं आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघायचा. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो, आणि त्याचा ऑइलशी संबंध नसतो. पहिल्या चाचणीला निघण्यापूर्वी तो धरतोय ना हे पाहून घ्यावं, आणि चाचणी सपाट मैदानावर, पहिल्या गिअरमध्ये.

खंडेनवमीला गाडी धुऊन तिची पूजा होते, तोवर पाऊसही सरत आलेला असतो. नळ्या बघायला हीच वेळ सोयीची. क्लिपा सोडवून मागची माती काढायची, काच कागद हलक्या हाताने फिरवायचा. वरवरचा तांबूस गंज निघून खाली धातू चमकला तर रंग मारून क्लिप परत बसवायची. खवले निघाले, खड्डे दिसले, तर नळी त्याच आठवड्यात बदलायची. तोवर गाडी घाटात न्यायची नाही.