एका सरोवराच्या कांठीं दहा दिवस

प्रवासाहून परतलेल्या माणसास घरांतील मुलें पहिला प्रश्न विचारतात तो "काय काय पाहिलेंत?" हा. कांहीं वर्षांपूर्वीं आमचे तीर्थरूप नाना व मातुःश्री यांस घेऊन मी जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या तीन देशांची सहल करून आलों. नातवानें हाच प्रश्न केला तेव्हां नाना म्हणाले, "बाळ, रोज रात्रीं बॅग सोडली आणि रोज सकाळीं भरली."

सारे हंसले; मला मात्र तें उत्तर लागलें. नऊ दिवसांत आठ शहरांचा तो बेत मींच पसंत केला होता. नानांनीं तरुणपणीं पुण्यास हौसेनें जर्मन भाषेचा अभ्यास केलेला. उभ्या आयुष्यांत त्या भूमीवर एकदां तरी पाऊल ठेवावें ही त्यांची इच्छा. आणि प्रत्यक्ष तेथें गेल्यावर, गुडघ्यांच्या व्यथेमुळें, नॉयश्वानस्टाइनच्या सुप्रसिद्ध राजवाड्याखालीं ते बसमध्येंच बसून राहिले. एखाद्या जर्मन गृहस्थाशीं चार वाक्यें बोलण्यासहि त्यांस सवड मिळाली नाहीं.

दोन वर्षांनीं आम्ही पुनः गेलों, या खेपेस मुलांसह सहाजण. या वेळीं नियम एकच केला: मुक्काम एक, बिऱ्हाड एक, पाहणें होईल तें तेथूनच.

अशा मुक्कामास बोडेनझे सरोवरासारखें दुसरें स्थळ क्वचितच सांपडेल. इंग्रजींत यासच कॉन्स्टन्स सरोवर म्हणतात. लांबी सुमारें 63 किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारें 536 चौरस किलोमीटर. आणि कांठावर देश तीन: जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड. मौज ही कीं, सरोवराच्या मुख्य भागांत या तिघांची हद्द कोणत्याहि तहानें आजवर ठरलेली नाहीं, आणि तेवढ्यावरून कोणाचें अडलेलेंहि नाहीं!

आम्हीं बिऱ्हाड केलें तें कोन्स्टान्झ या गांवीं. झुरिकच्या विमानतळावरून आगगाडी थेट तेथें नेते. प्रवास तासाभराहून किंचित् अधिक. वृद्धांच्या दृष्टीनें गाडी बदलावी लागत नाहीं हा लाभ लहान नव्हे. गांव जुना आहे. 1414 ते 1418 पर्यंत येथें ख्रिस्ती धर्मपरिषद भरली होती. धर्मसुधारक यान हुस यास 1415 सालीं येथेंच जिवंत जाळण्यांत आलें, आणि 1417 सालीं येथेंच नव्या पोपची निवड झाली. ती निवड ज्या इमारतींत झाली ती बंदरानजीक अद्यापि उभी आहे. गांवाला लागूनच स्वित्झर्लंडची हद्द. तेथील जुनें कुंपण काढून 2007 सालीं बावीस शिल्पें उभारलीं आहेत. त्यांच्यामधून चालत गेलें कीं परदेश!

येथून रोज एक लहानसा फेरफटका पुरतो. बागांसाठीं प्रसिद्ध असलेलें माइनाउ बेट अगदीं जवळ आहे. सप्टेंबरांत तेथें डेलियाचा बहर असतो. मोटारी वाहून नेणारी बोट 1928 पासून पलीकडच्या मेर्सबुर्गला जात आहे. पंधरा मिनिटांचा हा जलप्रवास मुलांस इतका आवडला कीं आम्हीं तो तीनदां केला. फ्रीड्रिक्सहाफेन येथें झेपेलिन विमानांचें संग्रहालय आहे; झेपेलिनचें पहिलें उड्डाण 2 जुलै 1900 रोजीं याच सरोवरावरून झालें. लिंडाउच्या बंदरांत 1856 सालचा दीपस्तंभ व त्याच्यासमोर दगडी सिंह दिसतो. ऑस्ट्रियांतील ब्रेगेन्झहून तारेवरचा पाळणा 1,064 मीटर उंचीच्या फेंडर शिखराकडे नेतो. या पाळण्यामुळें गुडघे दुखणाऱ्या माणसासहि आल्प्स पर्वताचें दर्शन घडतें. गाइनहोफेन गांवीं हेर्मान हेसे या कादंबरीकाराचें घर आहे. याचे मातामह गुंडर्ट हे केरळांत राहून मलयाळम भाषेचा कोश करणारे पंडित, हें कळल्यावर नानांस तें घर परकें वाटेना.

मात्र हें सर्व सलग करूं नये. दर दोन दिवसांच्या फिरण्यामागून एक दिवस अगदीं मोकळा ठेवावा, आणि "आज काय पाहावयाचें?" हा प्रश्न त्या दिवशीं कोणीं विचारूं नये.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. तिन्ही देशांस शेंगेन व्हिसा एकच चालतो. जेथें अधिक दिवस राहावयाचें त्या देशाकडे अर्ज करावा. तो प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून करतां येतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. जर्मनी व ऑस्ट्रियांत युरो, स्वित्झर्लंडांत मात्र फ्रँक. बोटींचा हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत. पुढें सरोवरावर धुकें दाटतें. हॉटेलाऐवजीं स्वयंपाकघरासहित जागा भाड्यानें घ्यावी. तिला तेथें 'फेरिएनवोनुंग' म्हणतात. रविवारीं दुकानें बंद असल्यामुळें दूध, भाजी शनिवारींच आणावी. शाकाहारी मंडळींस 'केझेश्पेट्झ्ले' हा चीज घातलेल्या शेवयांसारखा पदार्थ बरा. बटाट्याचें सॅलड मात्र विचारून घ्यावें, कारण त्या प्रांतांत त्यांत मांसाचा रस घालण्याची चाल आहे. 'ओने फ्लाइश', म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द पाठ असावेत. आमच्या मातुःश्रींनीं ते पहिल्याच दिवशीं पाठ केले, आणि रात्रीं घरीं मुगाची खिचडी टाकली.

नाना रोज सकाळीं बंदरावरील एका ठराविक बांकावर जाऊन बसत. तिसऱ्या दिवशीं शेजारीं एक वृद्ध बागाईतदार येऊन बसला. त्याच्या सफरचंदांच्या बागा होत्या. नानांचें पन्नास वर्षांपूर्वींचें जर्मन त्यास प्रथम नीट कळेना. मग तो एकेक शब्द सुधारून देऊं लागला. पुढें रोज तासभर दोघांची बैठक होई. दोघांचेहि गुडघे दुखत, त्यामुळें विषयाची वाण नव्हती. निरोपाच्या दिवशीं त्यानें पिशवीभर सफरचंदें आणून दिलीं, आणि नानांनीं त्यास आपलें उपरणें दिलें.

घरीं आल्यावर थोरल्या वहिनींनीं तोच जुना प्रश्न विचारला. नाना तासभर बोलत होते.

गेल्या वर्षीं नाना गेले. त्यांचें कपाट आवरतांना त्यांची रोजनिशी हातीं आली. त्या दहा दिवसांचीं तींत एकोणीस पानें आहेत. आठ शहरांच्या त्या पहिल्या सहलीचें एकहि नाहीं.