घरातला बारमाही गड्डा

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा भरतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पण ज्या घरात दोन लहान मुले आहेत, त्या घरात तो बारा महिने भरलेला असतो! पलंगाखाली मोटार, शेगडीपाशी भोवरा आणि अंधारात नेमका पायाखाली यावा असा ठोकळा. दिवाळीची झाडलोट निघाली की हा पसारा डोळ्यांत खुपू लागतो आणि ऐन सणाच्या तोंडावर मायलेकरांत रडारड होते.

आमचे घर दोन खोल्यांचे, नातवंडे दोन. सून नोकरी करते, संध्याकाळी थकून येते. तिने ‘आवरा रे’ म्हणायचे, मुलांनी ऐकायचे नाही, अखेर तिनेच पदर खोचून आवरायचे आणि वर एखादा धपाटा. दिवसाकाठी आई लेकरांना मिळणार दोन तास. तेही कटकटीत जावेत, याची मला रुखरुख वाटे. म्हणून मी या प्रश्नात लक्ष घातले.

मुलांना आवरणे आवडतच नाही, हा आपला समज खरा नव्हे. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. तेथे साहित्य कुलपाच्या कपाटात असे. बाई ते वाटीत आणि परत ठेवीत. पण मुले त्यांच्या मागोमाग जात, वस्तू आपल्या हाताने जागेवर ठेवू पाहत. एकदा कपाट उघडे राहिले, तर मुलांनी आपापले साहित्य निवडून घेतले. पुढे मुलांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटे आली. मर्म एवढेच, की जागा मुलाच्या हाताशी हवी आणि त्याला ओळखता यायला हवी.

आम्ही फडताळाचा खालचा कप्पा मुलांना दिला. त्यात तीन टोपल्या ठेवल्या : एक ठोकळ्यांची, एक मोटारींची, एक भातुकलीची. धाकट्याला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकीवर चित्र चिकटवले. बाकीची खेळणी माळ्यावर. दर पंधरवड्याला एक टोपली वर जाते, दुसरी खाली येते. जुनेच खेळणे नवे होऊन भेटते! अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा चार व एकदा सोळा खेळणी दिली होती. चारच असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली.

दुसरी युक्ती अस्सल सोलापुरी. खेळायच्या वेळी जुनी चादर अंथरायची. ठोकळे चादरीवरच मांडायचे. खेळ संपला की चारी टोके उचलून गाठोडे बांधायचे, टोपलीत रिकामे करायचे. आपली चादर दणकट. ओझ्याने फाटत नाही. गाठ मारण्याचा मान मुलांचा, आणि त्यासाठी आता दोघांत भांडण लागते!

राहिला मोडक्या खेळण्यांचा प्रश्न. भगिनींनो, मूल शाळेत गेलेले पाहून त्याचे खेळणे भंगारात घालू नका. आमच्या नातीच्या बाहुलीचा एक हात गेला आहे. आईच्या लेखी ती अडगळ. पण मुलगी ताप आला की तिलाच कुशीत घेते. तारीख उलटलेले औषध टाकावे तसे हे टाकता येत नाही. काय ठेवायचे आणि काय द्यायचे, हे मुलाला विचारावे. विचारले, तर ते आपण होऊन चार वस्तू काढून देते. न विचारता घेतली, तर उरलेल्या उराशी धरून बसते.

तेव्हा यंदा माळा झाडण्यापूर्वी मुलांना जवळ बसवा आणि एक टोपली त्यांच्यासमोर रिकामी करा. घर आरशासारखे लख्ख दिसणार नाही. पण संध्याकाळचे ते दोन तास आई-लेकरांचे राहतील.