सातबारा आणि आजींचा अंगठा

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नामकरण झाले. परंतु दोन्हीकडच्या कास्तकाराचा सरकारदरबाराशी असलेला संबंध एकाच कागदाने बांधलेला राहिला, तो म्हणजे सातबारा. नमुना सातात हक्काची आणि नमुना बारात पिकांची नोंद असलेल्या या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दफ्तराबाहेर ताटकळणारी माणसे आमच्या पिढीने पाहिली. आज तोच उतारा डिजिटल स्वाक्षरीसह पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यावर शिक्क्याचीही जरुरी उरत नाही, ही सुधारणा सामान्य नव्हे.

तथापि सेवेची खरी परीक्षा होते ती गावच्या सेवा केंद्राच्या बाकावर. हळदीच्या रानात राबून रेषा झिजलेला अंगठा एका वृद्धेने यंत्रावर टेकवला, पदराला पुसून पुन्हा टेकवला, तरी ओळख पटेना, तेव्हा चालक मुलगा अजिजीने म्हणाला, "आजी, उद्या या." साऱ्या गावाने ओळखलेली ती बाई निमूटपणे उठली. हा दोष तिच्या अंगठ्याचा खचित नव्हे.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती होऊ शकते. म्हणून वाचकहो, अर्ज करताच पोचपावती मागून घ्या, आणि मुदत टळल्यास तीस दिवसांत अपील अवश्य दाखल करा.