नाऱ्याचं काय चुकलं?

‘शुभ बोल नाऱ्या’ असं बजावल्यावर ‘मांडवाला आग लागली’ म्हणणाऱ्या नाऱ्याला आपण पिढ्यानपिढ्या हसत आलो. पण मांडव खरोखरच पेटला असेल, तर त्या लग्नघरात भानावर असलेला तो एकटाच म्हणायचा. वाईट बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, हा जुना धाक. हल्ली वास्तूच्या जागी ‘ब्रह्मांड’ आलं आणि धाकाला तिकीट लागलं, एवढाच फरक. दोन्हींच्या तळाशी समजूत एकच: नकारात्मक विचार मनात येणंच घातक, आला की हाकलून द्यावा.

हाकलून बघा. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. पुढे त्याच मुलांना अस्वल मनात आणायची मोकळीक दिली, तेव्हा तर पहिल्यापासून मोकळीक असलेल्या मुलांपेक्षाही ते त्यांच्या डोक्यात जास्त वेळा आलं. अमुक विचार आला नाही ना, हे तपासायलाही मनाला तोच विचार हाताशी ठेवावा लागतो.

मग रोज सकाळी आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणावं का? कॅनडातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेही तपासलं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना घोकायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं, त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, ते मात्र आणखी खचले. औषध ज्याच्यासाठी काढलं, नेमकं त्यालाच बाधलं.

गडबड इथे आहे की, नकारात्मक विचाराला उत्तर म्हणून आपण गोड विचार शोधतो. शोधायला हवा तो खरा विचार. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास उभ्या केलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा, म्हणजे आरईबीटीचा, गाभा हाच. एलिस यांच्या मते घटना आपल्याला थेट खचवत नाही. घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो ते खचवतं. समजा, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाची ‘प्री’ तिसऱ्यांदाही निघाली नाही. तो स्वतःला सांगतो, ‘ती निघायलाच हवी होती, नाही निघाली, म्हणजे मी नालायक.’ यावर मित्र म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नको, पुढच्या वेळी नक्की!’ ‘नक्की’ हे त्यांना कुणी सांगितलं? एलिसना पटेल असं उत्तर साधारण असं असेल: ‘निघावी अशी माझी फार इच्छा होती. नाही निघाली, हे वाईट झालं. पण निघालीच पाहिजे असा जगाचा नियम नाही, आणि एका पेपरावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरत नाही.’

असं म्हटल्यावर त्या मुलाला आनंद होणार नाही, आणि व्हायचं कारणही नाही. त्याला दुःख होईल, चार दिवस जेवण गोड लागणार नाही. पण असं दुःख झालेला माणूस उत्तरतालिका उघडून मार्क कुठे गेले ते पाहू शकतो, किंवा आता नोकरी धरावी का, याचा शांतपणे हिशेब मांडू शकतो. स्वतःला नालायक ठरवून बसलेल्याला यातलं काहीच सुचत नाही.

विचार आधी पुरते बदलायचे आणि मगच कृती करायची, असाही एक समज आहे. खुद्द एलिस यांचा किस्सा याच्या उलट आहे. मुलींशी बोलायला घाबरणाऱ्या या माणसाने एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन महिन्याभरात सुमारे १०० अनोळखी बायकांशी बोलायचा सपाटा लावला. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही! पण नकारांनी आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली. (आज हा प्रयोग जसाच्या तसा कुणी करू नये, हे वेगळं सांगायला नको.)

एकवीस दिवसांत मन बदलण्याची हमी कुणी दिली, तर सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग घेतला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला.

सगळ्यांत निर्दय गैरसमज मात्र दवाखान्यात ऐकू येतो. ‘पॉझिटिव्ह राहा, कॅन्सर पळून जाईल.’ म्हणजे नाही पळाला तर दोष पेशंटचाच! डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांची माहिती जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. रुग्णाची मनःस्थिती आणि त्याचं जगणं-वाचणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. मन बरं असेल तर उपचारांचे दिवस थोडे सुसह्य होतात, हे आहेच. पण रडावंसं वाटणाऱ्याला रडू द्यावं.

नैराश्याचंही तेच. तो आजार आहे, दृष्टिकोनातली खोट नव्हे. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे रोज टिकलं, झोप-भूक बिघडली, तर विचारांशी एकट्याने झुंजत न बसता डॉक्टर गाठावा. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.